मागचा सोबती

(कलशारोहणाच्या आदल्या सायंकाळी मंदिराच्या सभामंडपात केलेले भाषण)



समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी काही वक्ता नव्हे. दहावीपर्यंत शिकलेला, तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. कीर्तनकार महाराजांसारखे निरूपण मला साधणार नाही. म्हणून आम्ही नऊ जणांनी आळंदी ते पंढरपूर सायकलवर वारी केली, त्यातली एक चूक तेवढी आपल्यापुढे ठेवतो. चूक माझी आहे, म्हणून सांगण्याचा अधिकारही माझाच.

२०२२ सालच्या मार्गशीर्षात, कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर, आम्ही निघालो. निघण्यापूर्वी गावातील काही वडीलधाऱ्यांनी विचारले, "वारी ती पायी. सायकलची कसली वारी?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण २०२० साली करोनाच्या साथीत पायी सोहळा होऊ शकला नाही, तेव्हा माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. तेव्हा वाहनाला दोष नाही असे मनाला समजावले आणि चार दिवसांची रजा टाकली.

आळंदीहून पंढरपूर सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. मी कारकून असल्यामुळे वेळापत्रक तयार केले. पहिला मुक्काम सासवड, दुसरा फलटण, तिसरा वेळापूर आणि चौथ्या दिवशी दुपारपूर्वी चंद्रभागा. कुठे चहा, कुठे जेवण, सारे मिनिटांसह लिहून त्याच्या नऊ प्रती काढल्या. पंप, पाने, सोल्यूशन आणि जादा ट्यूब यांची पिशवी माझ्या कॅरिअरला बांधली, आणि म्होरक्या म्हणून मी सर्वांच्या पुढे राहिलो.

आमच्यात सात तरुण गियरच्या सायकली घेऊन आले होते. माझी सायकल साधी, आणि आमच्या काकांची तर तीस वर्षांची काळी, डबल बारची. काकांचे वय त्रेसष्ट. ते आज इथेच बसले आहेत. नाव घेशील तर उठून जाईन, अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून घेत नाही.

हडपसर मागे पडले आणि दिवे घाट लागला. ज्यांनी हा घाट पायी चढला आहे त्यांना ती नागमोडी वळणे ठाऊक आहेत. खाली मस्तानी तलाव दिसत राहतो आणि रस्ता काही संपत नाही. काकांना हलके वाटावे म्हणून त्यांची पिशवी एका मुलाने आपल्या सायकलवर घेतली. ठरले असे की घाटमाथ्यावर, विठ्ठलाच्या उंच मूर्तीपाशी, सर्वांनी एकमेकांची वाट पाहायची.

आम्ही आठ जण पोचलो. दर्शन झाले, फोटो झाले. घड्याळात पाहिले तर वेळापत्रकाला चाळीस मिनिटे उशीर. मुले म्हणाली, "सासवडला जाऊन चहा घेऊ, काका येतील मागून." बंधूंनो, 'थांबा' म्हणण्याचे काम माझे होते. मी हातातला कागद पाहिला आणि म्हणालो, "चला."

सासवडला सोपानदेवांच्या समाधीचे दर्शन झाले, चहा झाला, तासावर तास गेला. फोन लावला, तर घंटी आमच्याच मुलाच्या सायकलवरून वाजली. काकांचा फोन त्यांच्या पिशवीत होता. मग दोन मुले उलट फिरली. अंधार पडता पडता काका आले, सायकल हाताने ढकलीत. अर्ध्या घाटात पुढचे चाक पंक्चर झाले होते. पंक्चरचे सामान माझ्याजवळ, आणि मी सासवडला चहा पीत होतो.

वाटेत एक टेम्पोवाला त्यांना घ्यायला तयार होता. "मग बसला का नाहीत?" मी विचारले. काका म्हणाले, "माथ्यावर तुम्ही दिसला नाहीत. मला वाटलं, मला शोधायला खाली उतरलात. मी टेम्पोतून पुढे जायचो आणि तुम्ही घाटात हिंडत राहायचात. म्हणून अर्धा तास तिथंच बसलो."

मंडळी, त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. आम्ही त्यांना सोडून गेलो, ही शंकासुद्धा त्यांच्या मनात आली नव्हती. त्या रात्री मला जेवण गेले नाही. मी त्यांच्या पाया पडलो. ते एवढेच म्हणाले, "आधी पंक्चर काढ."

मला तेव्हा पालखी सोहळ्याची आठवण झाली. १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावून दिली. दिंड्यांना रथापुढचे आणि रथामागचे क्रमांक आहेत, कोणी कोणाला मागे टाकून जात नाही. मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि हजारोंचा समाज शांत होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजत राहतात, आणि ती ऐकून घेतली जाते. हरवले-सापडलेले तिथेच पुकारले जाते. एवढ्या लाखांत एका माणसाच्या हरवलेल्या वस्तूची दखल घेतली जाते, आणि आम्हा नऊ जणांत एक माणूस हरवला तरी आम्हाला पत्ता नव्हता!

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकाच्या नऊही प्रती मी फाडल्या. नवा नियम एकच. काकांची सायकल सर्वांच्या पुढे, आणि सामानाची पिशवी घेऊन मी सर्वांच्या मागे. जेजुरी, वाल्हे करीत नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो, लोणंद गेले, चांदोबाच्या लिंबापाशी विसावलो, फलटणला रामरायाचे दर्शन घेतले. पालखी मार्ग आता रुंद झाला आहे. गाड्या जोरात जातात, जुन्या झाडांची सावली पुष्कळ ठिकाणी राहिली नाही. पण नऊ सायकली एका रांगेत चालल्या. नातेपुते, माळशिरस, वेळापूर करून चौथ्या दिवशी वाखरीला आलो, तेव्हा कागदाप्रमाणे तीन तास उशीर झाला होता. विठोबाने काही विचारले नाही. अठ्ठावीस युगे उभा असलेला देव तीन तासांचा हिशेब कशाला मागेल?

हे मी आज का सांगतो? उद्या आपल्या मंदिरावर कळस चढेल. गर्दीत ज्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही, ते वारकरी कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततात. कळस उंच असतो तो सर्वांत मागच्या माणसालाही दिसावा म्हणून, असे मला वाटते.

या स्मरणिकेतील देणगीदारांची यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ज्यांनी मोठ्या रकमा दिल्या त्यांच्यामुळेच शिखर उभे राहिले, त्यांचे उपकार गाव विसरणार नाही. पण कोणी अकरा रुपये दिले, कोणी आठ दिवस दगड वाहिले, मायमाउल्यांनी पाण्याच्या घागरी आणल्या. रकमेप्रमाणे यादी लावली असती, तर ही माणसे घाटातच राहिली असती. म्हणून यादी वाडीवार आणि अकारविल्हे लावावी, श्रमदान करणाऱ्यांची नावे तीतच यावीत, अशी विनंती मी समितीला केली. समितीने ती मान्य केली, आणि मोठ्या देणगीदारांनीच आधी होकार दिला, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. तरीही एखादे नाव राहिले असेल तर दोष माझा. निःसंकोच सांगावे, वहीत जागा ठेवली आहे.

काकांनी मात्र आपले नाव कुठेही घालू दिले नाही. ते म्हणतात, "पंक्चर काढलंस तेवढं पुरे."

 

राम कृष्ण हरी.