‘पडला’ म्हणाले, आणि मी ऐकून घेतलं
(युवक-युवतींच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मी मुलांचा डॉक्टर आहे. शिकाऊ असताना कॅज्युअल्टीत रात्रपाळी करायचो, तेव्हाची एक गोष्ट आधी सांगतो.

दोन वर्षांचा एक मुलगा आला. कपाळाला खोक पडली होती. दादी म्हणाली, ‘पलंगावरून पडला.’ टाके घालताना त्याच्या कानावर मला निळा वळ दिसला. घर आमच्याच मोहल्ल्यातलं, बाप ओळखीचा. मी काही विचारलं नाही. केसपेपरवर ‘पडल्याने जखम’ लिहिलं आणि घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी तोच मुलगा मांडीचं हाड मोडून आला. एक्सरेत बरगडीचं जुनं, जुळत आलेलं फ्रॅक्चरही दिसलं. मुलगा वाचला. पण मी त्या रात्री डॉक्टर नव्हतो, शेजारी होतो. ती चूक माझीच.

पडल्यावर मुलाला कुठे लागतं? कपाळ, गुडघे, नडगी, कोपर. जिथे हाड वर असतं तिथे. कान, मान, पोट, पाठ इथे सहसा लागत नाही. म्हणून चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या कानावर, मानेवर किंवा धडावर वळ दिसला, की डॉक्टरने थांबायला हवं. चार-पाच महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर तर कुठेही वळ दिसला, तरी थांबायला हवं. जे बाळ अजून सरकतही नाही, ते स्वतःला लागून कसं घेईल?

भाजण्याचंही तसंच. चहा सांडला तर ओघळ वेडावाकडा येतो. दोन्ही पायांना मोजे घातल्यासारखी सरळ रेघ असेल, तर पाय गरम पाण्यात धरले होते का, हे विचारावंच लागतं. पट्ट्याचा किंवा दुमडलेल्या वायरचा आकार कातडीवर तसाच उमटतो.

आणि सगळ्यात मोठी खूण जखमेत नसते, ती सांगण्यात असते. अम्मी एक सांगते, चाचा दुसरं. काल लागलेलं आज आणतात. दर वेळी नवा दवाखाना, जुने कागद नाहीत. जखम आणि हकीकत जुळत नाही.

यातली एकही खूण म्हणजे पुरावा नव्हे. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात. हिजामाचे गोल वण पाठीवर राहतात. काही मुलांचं रक्त लवकर गोठत नाही, काहींची हाडं ठिसूळ असतात. म्हणूनच तपासण्या करायच्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलावर संशय आला, तर सगळ्या हाडांचे एक्सरे काढतात. विचारणं म्हणजे आरोप करणं नव्हे.

डॉक्टरांनाही हे पचायला वेळ लागला. १९४६ साली अमेरिकेत जॉन कॅफी या एक्सरेतज्ज्ञाने डोक्यात रक्तस्राव झालेल्या बाळांच्या हातापायांत मोडलेली हाडं दाखवली. पण ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’ हे नाव यायला १९६२ उजाडलं. ते डॉ. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. आईबाप असं करतील, यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नव्हता.

आता तुमच्याकडे येतो. मोहल्ल्यात एखाद्या मुलाला लागलं, तर बाइक कोण काढतं? केसपेपर कोण भरतं? तुम्हीच. घरातली हकीकत आणि कॅज्युअल्टीतली हकीकत, दोन्ही तुमच्या कानावर पडतात. फरक दिसला तर डॉक्टरांना किंवा सिस्टरना बाजूला घेऊन सांगा. जुने कागद बरोबर आणा. मूल काही बोललं तर ऐका, त्याचेच शब्द लक्षात ठेवा, खोदून खोदून विचारू नका. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका. त्याचा राग मुलावर निघतो.

मूल अजून घरातच असेल तर १०९८ लावा. चोवीस तास, फुकट. तातडीचा धोका असेल तर ११२. पुढे बाल कल्याण समिती आहे, पोलीस आहेत. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. एफआयआर झाला नाही म्हणून उपचार किंवा तपासणी नाकारता येत नाही.

मला माहीत आहे, तुमच्यातले काही जण मनात काय म्हणताहेत. ‘आधीच लोक आपल्याकडे बोट दाखवतात, त्यात हे आपणच कशाला बाहेर काढायचं?’ केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत पाहणी करून २००७ साली अहवाल काढला. तीनातल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. हा काही एका समाजाचा रोग नाही. मग तो झाकायची जबाबदारी तरी आपल्या एकट्याच्या डोक्यावर का घ्यायची?

घरची अब्रू मोठ्यांनी सांभाळायची असते. ती दोन वर्षांच्या पोराच्या बरगडीवर ठेवायची नसते.

त्या रात्री दादीबरोबर एक कॉलेजातला मुलगाही आला होता. दारापाशी उभा राहून तो माझ्याकडे बघत होता. त्याला काही सांगायचं होतं का, हे मी विचारलं नाही. आता मी प्रत्येक वेळी विचारतो. तुम्ही मात्र कुणी विचारायची वाट पाहू नका.