विषाणू गेला, लिव्हरचं काय?



हिपॅटायटिस सीचा रुग्ण गोळ्यांचा कोर्स संपवतो, बारा आठवड्यांनी रक्त देतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो. घरात पेढे येतात आणि फाइल माळ्यावर जाते. पेढे वाटाच. मला बोलायचं आहे ते त्या फाइलविषयी.

हा आनंद स्वस्तात आलेला नाही. विषाणू सापडला १९८९मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षं इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती. ताप, अशक्तपणा, नैराश्य सोसूनही बरं होण्याची खात्री नसे. डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत सोफोस्बुविर हे औषध आलं, तेव्हा एका गोळीला हजार डॉलर पडत. २०१५पासून आपल्या कंपन्यांनी ती आवाक्यात आणली. २८ जुलै २०१८ला हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून ती सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळू लागली. आज शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात.

पण निगेटिव्ह रिपोर्ट विषाणूचा असतो, लिव्हरचा नव्हे. हा विषाणू वीस-तीस वर्षं गुपचूप राहतो. बहुतेकांना कावीळ होतच नाही. म्हणून ‘डोळे पिवळे नाहीत, म्हणजे लिव्हर ठीक’ हा आपला घरगुती हिशेब इथे चुकतो. आतमध्ये वणावर वण धरत जातो, लिव्हर कडक होतं आणि शेवटी सिरॉसिस होतो. विषाणू गेल्यावर कोवळे वण पुष्कळदा विरतात. मुरलेला सिरॉसिस मात्र अनेकांत मागे राहतो.

युरोप-कॅनडातल्या ५३० रुग्णांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांची लिव्हर आधीच बरीच कडक झालेली होती. दहा वर्षांत, विषाणू न गेलेल्यांपैकी शंभरात २६ दगावले, विषाणू गेलेल्यांपैकी ९. लिव्हरचा कॅन्सर पहिल्या गटात शंभरात २२ जणांना झाला, दुसऱ्यात ५ जणांना. उपचार किती मोठं काम करतो हे यातून दिसतं. तरी मला चैन पडत नाही ती त्या पाचांमुळे. विषाणूच्या लेखी ते बरे झालेले होते.

म्हणून उपचार सुरू करतानाच डॉक्टरांना विचारा: ‘माझं लिव्हर किती कडक आहे?’ फायब्रोस्कॅन या तपासणीने ते कळतं. सिरॉसिस असेल तर कॅन्सर वेळीच सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी, निगेटिव्ह रिपोर्टनंतरही. दारू पूर्ण बंद, आणि ताडीही त्यातच आली. साखर आणि वजन ताब्यात हवं, कारण नुसत्या चरबीनेही लिव्हर कडक होतं. आणि हिपॅटायटिस सीवर लस नाही. दूषित सुईतून तो पुन्हा होऊ शकतो.

वसईहून मुंबईतलं केईएम किंवा नायर रुग्णालय गाठायचं म्हणजे विरार लोकलची गर्दी आणि कामाचा खाडा, हे मी जाणतो. पण सोनोग्राफी वसईत होते, नालासोपाऱ्यात होते, विरारमध्येही होते.

आज घरी गेल्यावर माळ्यावरची फाइल काढा. तिच्यात ‘सिरॉसिस’ किंवा ‘एफ-४’ (म्हणजे सिरॉसिसच) असं लिहिलेलं असेल, तर शेवटच्या सोनोग्राफीची तारीख बघा. सहा महिने उलटून गेले असतील, तर याच आठवड्यात नंबर लावा.