तीन सह्या



मूर्तिजापुराहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे वाटेत वर्धा लागते. त्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. गदर चळवळीतील क्रांतिकारक आणि पुढे मेक्सिकोतील कृषिशास्त्रज्ञ, एवढी त्यांची ओळख आमच्याकडे आहे. आज मी बोलणार आहे ते त्यांच्या सहीच्या एका कागदाविषयी.

१९२१ साली बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांचे एक मंडळ मॉस्कोस गेले. हिंदुस्थानातील क्रांती कोणत्या मार्गाने व्हावी, याविषयीचा एक प्रबंध त्यांनी लेनिनकडे धाडला. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मताहून तो भिन्न होता. त्याखाली सह्या तीन : वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, गुलाम अंबिया खान लुहानी आणि खानखोजे. लेनिनचे त्रोटक उत्तर आले. पण मंडळाच्या पदरी फारसे काही पडले नाही.

खानखोजे रशिया सोडून गेले. १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापन केले, मक्याचे वाण सुधारले. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने तेथील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, भाकरी वाटून देणाऱ्या गृहस्थाच्या रूपात, त्यांना रंगविले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरास निवर्तले.

उरलेले दोघे पुढे रशियात वास्तव्यास होते. चट्टोपाध्याय हे सरोजिनी नायडूंचे बंधू. लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्र संस्थेत ते संशोधन करीत. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबरला गोळी घालण्यात आली. लुहानींची तीच गत १९३८ मध्ये झाली. ज्या राज्यासाठी हे लोक घरदार सोडून गेले, त्याच राज्याने त्यांना शत्रू ठरविले. रशियन भाषेत पक्षातील या प्रकारास जो शब्द आहे त्याचा साधा अर्थ साफसफाई असा होतो. आपणही 'शुद्धीकरण' म्हणतो. शब्द किती निरुपद्रवी! १९३७ व १९३८ या दोन वर्षांत देहदंड झालेल्यांची सोव्हिएत दप्तरांतलीच संख्या ६,८१,६९२ आहे.

परंतु मला अधिक विचारात पाडते ती निराळीच गोष्ट. इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले. मुलांना सनावळीचा कंटाळा. मी मात्र तिच्याविषयी कठोर असे, कारण तारीख तरी खोटे बोलत नाही असे आम्ही मास्तर लोक धरून चालतो. येथे तारखाच बनविल्या गेल्या. ठार केलेल्यांच्या नातेवाइकांस सांगण्यात येई की, पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षांची शिक्षा झाली आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चॉव्हने स्टालिनच्या अत्याचारांची कबुली दिली. तथापि त्याच काळात, १९५५ च्या गुप्त आदेशानुसार, बंदी छावणीत आजाराने वारल्याचे दाखले, कल्पित तारीख व कल्पित रोग लिहून, घरोघर दिले जात होते. न्यायालयाने निर्दोष म्हटले, आणि मृत्यू मात्र खोटाच राहिला! दप्तरे खरी उघडू लागली ती सोव्हिएत राज्य मोडकळीस आल्यावर. सरोजिनीबाई तर १९४९ मध्येच गेल्या होत्या.

आमच्याकडे खानखोजे यांचे गुणगान होते ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या चरित्रात मॉस्कोचा प्रवास एका वाक्यात उरकला जातो आणि सहकाऱ्यांची नावे गळतात. कोणाच्या नावाने चित्र उरावे आणि कोणाच्या नावाने बनावट दाखला, हे गुणावगुणांवर ठरले नव्हते. एकाने वेळेवर बोट धरली होती, इतकेच.

मॉस्कोत 'मेमोरियल' नावाच्या संस्थेने २००७ पासून दरवर्षी २९ ऑक्टोबरला, गुप्त पोलिसांच्या कचेरीसमोरील शिळेपाशी, मृतांची नावे मोठ्याने वाचण्याचा प्रघात पाडला. भाषण नाही, घोषणा नाही. सामान्य माणसे रांगेत उभी राहून नाव, वय, व्यवसाय आणि गोळी घातल्याची तारीख एवढेच वाचीत. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती संस्थाच विसर्जित करविली. त्या रीतीने आपल्या माणसाचे वाचावयाचे झाल्यास ते असे होईल : वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, वय छप्पन्न, संशोधक, २ सप्टेंबर १९३७.