अर्ज मराठीत मागा

पेणच्या किंवा रोह्याच्या बँकेत इंग्रजी फॉर्म हातात पडला की अनेकजण शेजारच्या माणसाकडे बघतात. संकोच वाटतो. खरं तर यात आपलं काहीच चुकलेलं नसतं.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, की बँकांनी ग्राहकांसाठीचे छापील फॉर्म हिंदी, इंग्रजी आणि त्या प्रदेशाच्या भाषेत द्यावेत. आपल्याकडे ती भाषा मराठी. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना तर कामकाज मराठीत करण्यासाठी १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम लागू आहे.

पण लिहिता-वाचताच येत नसेल तर? कातकरी वाडीवरच्या मावशींची घरची बोली कातकरी. 'फेरफार', 'उतारा' हे जमिनीच्या कागदांवरचे शब्द त्यांना इंग्रजीइतकेच परके वाटू शकतात. त्यांच्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ मधलं कलम ६ फार मोलाचं आहे. सरकारी कचेरीतून माहिती मागण्याचा अर्ज मराठीत चालतोच. शिवाय लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितलेली मागणी कागदावर उतरवायला त्या कचेरीतल्या जन माहिती अधिकाऱ्यानं मदत करायची असते. ते उपकार नव्हेत, कायद्यानं नेमून दिलेलं काम आहे.

म्हणून श्रोतेहो, न समजलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. आधी मराठी फॉर्म मागा, आणि तो मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.