एका ध्वनिक्षेपकाभोवती
(हीरकमहोत्सवी सभेतील भाषण)



भुलाबाईची गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम आम्हा काही सभासदांकडे आले आहे. त्यासाठी एक, फार तर दोन ध्वनिक्षेपक, म्हणजे माईक, पुरेत असे आम्ही सुचविताच 'महोत्सवाच्या वर्षी ही काटकसर कशाला?' असा प्रश्न निघाला. त्याचा खुलासा करावयाचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपुरातील सरकारी कचेऱ्यांबरोबर पुष्कळ मराठी बिऱ्हाडे येथे आली आणि त्यांच्याबरोबर भुलाबाईही आली. तेव्हा परकर नेसून टाळ्या वाजविणाऱ्या मुली आज ऐंशीच्या आसपास आहेत. गाण्यांच्या वह्या घरोघर सापडतील, पण चाल वहीत मावत नाही.

मागे एकदा व्यावसायिक मंडळींनी प्रत्येक आजीपुढे स्वतंत्र माईक उभा केला होता. आवाज नंतर हवे तसे कमीजास्त करता येतात, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. परंतु एरवी स्वयंपाक करता करता दहा गाणी म्हणणाऱ्या बायका एकेकट्या पडल्या, एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या आणि तिसऱ्या कडव्याला थांबल्या. हे गाणे एकटीचे नव्हेच. एकीला शब्द आठवतो, दुसरी तो उचलते.

थोड्या साधनांत मुद्रण करणे ही काही आमची नवी टूम नव्हे. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान गायली तेव्हा माईकही नव्हता. पुढ्यात कर्णा आणि हाताशी जेमतेम तीन मिनिटे. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या बोलपटात पार्श्वगायन नव्हते. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी आपली गाणी स्वतःच म्हटली. परदेशात तर १९५१ साली शिकागोचा सबंध वाद्यवृंद एकाच माईकवर मुद्रित झाला, आणि त्या तबकड्या जाणकार आजही आवडीने ऐकतात.

एका माईकच्या मुद्रणात आवाजांचा तोल बैठकीनेच साधावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. तेव्हा ज्यांचा स्वर क्षीण झाला आहे त्या आजी पुढे, खणखणीत गळ्याच्या सुना मागे, आणि पेटी असलीच तर सर्वांच्या पाठीशी. (पेटीवाल्यांनी राग मानू नये, पण आमच्या मते भुलाबाईला पेटी नकोच.) चारही दिशांचा आवाज सारखा घेणारा माईक मध्ये ठेवून भोवती फेर धरून बसले की झाले. भुलाबाईची बैठक नाहीतरी अशीच असते!

दुसरा माईक मिळाला तर फ्रेंच नभोवाणीची रीत चांगली: एका दिशेचे दोन माईक, १७ सेंटीमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात. मात्र मग फेर मोडून अर्धवर्तुळ करावे लागेल. आजींना ते रुचले नाही तर दुसरा माईक पेटीतच राहू द्यावा.

उणीवही सांगितली पाहिजे. असे मुद्रण मागाहून दुरुस्त होत नाही. एखादी खोकली तर खोकला गाण्यासोबत कायमचा राहील, म्हणून प्रत्येक गाणे दोनदा म्हणवून घेऊ. सभागृहाची फरशी फार घुमते. तिच्यावर सतरंज्या आणि खिडक्यांना गोधड्या लागतील. पंखे बंद ठेवावे लागतील, आणि भाद्रपदातल्या उकाड्यात हेच सर्वांत अवघड आहे. प्रत्येक गाण्याआधी म्हणणारीने आपले नाव, माहेरचे गाव आणि गाणे कोणाकडून शिकली ते सांगावे. मुद्रणाच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या घरी राहतील.

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत दर रविवारी दुपारी तीन वाजता सभागृहात बसावयाचे ठरले आहे. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्याकडे आम्हीच माईक घेऊन जाऊ. घरच्यांनी नावे कार्यालयात द्यावीत. खिरापत ओळखण्याचा खेळही मुद्रित करावयाचा आहे, तेव्हा डबा घट्ट झाकून आणावा. त्या वेळी कोणी हसले तर त्यांना गप्प करू नये.