सायकलचा दिवा : डायनामो घ्यावा की बॅटरी?



आज आपण एका लहान वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे सायकलचा दिवा. वस्तू लहान खरी, पण काळोखात तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून तिच्यासाठी थोडा वेळ काढू या.

आपले नरसिंहपूर नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. नृसिंह जयंतीला देवळाचा परिसर दिव्यांनी उजळतो. पण एरवी गावाबाहेर पाऊल टाकले की काळोख. आता गावात मोटारसायकली पुष्कळ झाल्या. तरी सायकल काही गेलेली नाही. कोणी पहाटे दुधाचे कॅन घेऊन डेअरीला जातो. कोणी कारखान्याची पाळी संपवून मध्यरात्री घरी येतो. पंपाची वीज रात्रीची असली की कोणी दारं धरायला मळ्यात जातो. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो. मग शिकवणीहून येणारी मुलगीही अंधारातच घर गाठते. या सर्वांना दिवा लागतो.

आता दिवा कोणता घ्यावा? दुकानदार म्हणतो, "बॅटरीचा न्या." म्हातारी माणसे म्हणतात, "डायनामोसारखा दिवा नाही." दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. कोणाचे किती खरे, ते आपण तपासून पाहू.

दिव्याची दोन कामे

सायकलच्या दिव्याला दोन कामे असतात. पहिले काम, आपल्याला रस्ता दिसावा. दुसरे काम, आपण दुसऱ्याला दिसावे. पहिले काम सगळ्यांच्या ध्यानात असते. दुसरे पुष्कळजण विसरतात.

थोडा हिशेब करू. एखादी मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे. ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर, म्हणजे ५५ फूट पुढे जाते. चालकाला आपण दिसलो, त्याने विचार केला आणि ब्रेकवर पाय ठेवला, एवढ्यातच एक सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी २० मीटर तरी जातात. म्हणजे कोरड्या, चांगल्या रस्त्यावरसुद्धा एकंदर सव्वाशे फूट झाले. रस्ता ओला असेल, किंवा मागे उसाची भरलेली ट्रॉली असेल, तर याहूनही जास्त.

आता अंगावर गडद कपडे असलेला आणि मागे दिवा नसलेला सायकलवाला डोळ्यांपुढे आणा. मोटारीचे दिवे खाली झुकवलेले असले, तर तो पुष्कळदा सव्वाशे फुटांच्या आत आल्यावरच दिसतो. दिसतो, पण वेळ गेलेली असते. गळिताच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग असते. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात. अशा वेळी मागचा लाल दिवाच आपली पाठ राखतो.

डायनामो म्हणजे काय?

बेळगावला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले. पुढे नांगर आणि पंप करणाऱ्या मोठ्या कारखान्यांचा आरंभ त्या दुकानात झाला. त्या जुन्या काळी सायकलला तेलाचा दिवा अडकवीत. पुढे कार्बाइडचा दिवा आला. त्यात कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडे, त्यातून वायू निघे आणि तो वायू जळे. उजेड चांगला पडे, पण वासही येई आणि खटाटोपही फार.

मायकेल फॅरेडे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली एक गोष्ट दाखवून दिली. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरवला की तारेत वीज निर्माण होते. धरणावरचे मोठे वीजघर याच नियमाने चालते आणि सायकलचा डायनामोही याच नियमाने चालतो. एकाला पाणी फिरवते, दुसऱ्याला आपले पाय फिरवतात.

सायकलच्या डायनामोचे दोन प्रकार आपण पाहू.

पहिला प्रकार बाटलीच्या आकाराचा. तो चाकाजवळ बसवतात. खटका दाबला की त्याचे डोके टायरला टेकते आणि टायरबरोबर गरगर फिरते. याची किंमत कमी. कोणत्याही जुन्या सायकलला तो बसतो. दिवसा उचलून ठेवला की पायांवर त्याचा काही भार नाही. पण पावसात टायरला चिखल लागला की डोके घसरते आणि दिवा मिचमिचतो. फार घट्ट दाबून बसवला तर टायरची बाजू झिजते.

दुसरा प्रकार हबचा. हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा. यात चुंबक आणि तार दोन्ही तुंब्याच्या पोटातच असतात. बाहेर घासणारे काही नाही. चिखल होवो, पाऊस येवो, चाक फिरले की वीज तयार. इंग्लंडातील नॉटिंगहॅम गावच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने असा हब १९३६ साली विकायला काढला. आजचे हब पुष्कळ हलके आणि चांगले झाले आहेत. पण याला खर्च जास्त. आपल्या बाजारात तो सहज मिळत नाही, शहरातून मागवावा लागतो. शिवाय जुना तुंबा काढून चाक नव्याने विणावे लागते. आपल्या साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ तारा असतात. हबला ३६ भोके असली तर तो या चाकाला जमणार नाही. म्हणून आधी तारा मोजाव्या, मग हब मागवावा.

फुकट काही नाही

"डायनामोची वीज फुकट," असे लोक म्हणतात. हे पुरतेपणी खरे नाही. घरी एक प्रयोग करून पाहा. सायकल उलटी उभी करा. डायनामो टायरला टेकवा आणि दिव्याची तार सोडवून ठेवा. चाक हाताने जोरात फिरवा आणि ते किती वेळ फिरते ते पाहा. मग तार जोडा आणि तितक्याच जोराने फिरवा. दिवा लागेल आणि चाक लवकर थांबेल. चाकाचा तो जोर दिव्यात गेला.

सायकलच्या डायनामोपासून साधारणपणे ६ व्होल्ट दाबाची ३ वॅट वीज मिळते. तेवढ्यासाठी पायांना हबमध्ये सुमारे ५ वॅट आणि बाटलीत ७ ते १० वॅट जोर द्यावा लागतो. आरामात सायकल चालविणारा माणूस साधारण ५० ते ७० वॅट जोर लावतो. म्हणजे हबचा दिवा रुपयातले सात ते दहा पैसे घेतो आणि बाटलीचा दहा ते वीस पैसे. धडधाकट माणसाला हबचे ओझे फार जाणवत नाही. थकून घरी परतणाऱ्याला बाटलीचे मात्र जाणवते.

डायनामोची दुसरी अडचण अशी, की चाक थांबले की दिवा विझतो. चौकात उभे राहिलो, किंवा सायकल हातात धरून चालू लागलो, की काळोख. नव्या धर्तीच्या काही दिव्यांत थोडी वीज साठून राहते. थांबल्यावरही ते काही मिनिटे जळत राहतात. घेताना दुकानदाराला हे मुद्दाम विचारावे.

बाटलीचा डायनामो लागत नसेल, तर तो बिघडला असे लगेच समजू नका. त्याला बहुधा एकच तार असते. वीज तारेने दिव्याकडे जाते आणि सायकलच्या लोखंडातून परत येते. मध्ये गंज किंवा रंग आला की तिची वाट अडते. डायनामोच्या पट्टीला एक टोकदार स्क्रू असतो. तो रंग फोडून लोखंडाला भिडला पाहिजे. तेवढे केले की पुष्कळदा दिवा लागतो.

बॅटरीचा दिवा

आपल्या गावात बॅटरी म्हणजे हातातला विजेचा दिवा. पूर्वी तिच्यात सेल घालावे लागत. सेल संपले की फेकून द्यायचे आणि नवे विकत आणायचे. हा खर्च चालूच राही. म्हणून त्या काळी डायनामो परवडत असे.

आता दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे एलईडीचा दिवा आला. जुना बल्ब वीज घेऊन बराचसा तापायचाच. एलईडी तेवढ्याच विजेत कित्येक पट उजेड देतो. निळा एलईडी शोधून पांढऱ्या उजेडाची वाट मोकळी करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी गोष्ट, पुन्हा पुन्हा भरता येणारा लिथियम सेल आला. मोबाईलमध्ये असतो तोच.

याचाही हिशेब करू. सेलवर "२००० एमएएच" असे लिहिलेले असते. याचा अर्थ, सुमारे पावणेचार व्होल्टच्या त्या सेलमध्ये साडेसात वॅट-तास वीज मावते. दिवा १ वॅटचा असेल, तर कागदावर तो सात तास चालेल. प्रत्यक्षात पाच तास धरा. पहाटे अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास सायकल चालविणाऱ्याला तो पाच दिवस पुरेल. आणि भरायला खर्च किती? एका युनिटात १००० वॅट-तास असतात. थोडी वीज वाया गेली असे धरले, तरी एका युनिटात असा सेल शंभर वेळा भरतो. म्हणजे विजेचा खर्च जवळजवळ नाहीच.

मग दोष कोणते? पहिला दोष माणसाचा. भरायचे विसरले की ऐन वाटेत काळोख होतो. दुसरा दोष, सेल हळूहळू म्हातारा होतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. तिसरा दोष, स्वस्त दिव्यात पाणी शिरते. सेल फुगला किंवा फार तापू लागला, तर तो वापरू नये आणि उन्हातही ठेवू नये.

एक सूचना मुद्दाम देतो. बॅटरीचा दिवा डायनामोला थेट जोडू नका. डायनामोची वीज उलटसुलट वाहते आणि वेगाबरोबर तिचा दाब वाढतो. तिने दिवा जळून जातो.

मग कोणी काय घ्यावे?

जो मळ्यात दारं धरायला जातो, त्याने बॅटरीचा, हँडलवरून काढता येणारा दिवा घ्यावा. बांधावर सायकल ठेवली की तोच दिवा हातात घेता येतो. उसाच्या सरीत पाय कुठे पडतो ते दिसते, साप-विंचू दिसतो. डायनामो तिथे उपयोगाचा नाही.

जो बारा महिने रात्रपाळी करतो आणि ज्याची सायकल घरातलीच आहे, त्याला हब डायनामो उत्तम. खर्च एकदाच होतो. त्याला भरणे नको, आठवण नको. हब परवडत नसेल आणि पायात जोर असेल, तर बाटलीचा डायनामोही काम देईल. मात्र पावसाळ्यात खिशात एक लहान बॅटरी ठेवावी.

शाळकरी मुलामुलींना बॅटरीचा दिवा बरा. त्यांची सायकल हलकी राहते. पण दिवा भरण्याचे काम घरातल्या एका माणसाने आपल्याकडे घ्यावे. "कोणीतरी भरील" म्हटले की कोणीच भरीत नाही. आठवड्यातले दोन वार ठरवून टाकावे.

मागच्या दिव्याविषयी मात्र आमचे मत सर्वांसाठी एकच आहे. पुढे काहीही लावा, मागचा लाल दिवा बॅटरीचा आणि स्वतंत्र असू द्या. पुढची तार तुटली तरी तो जळत राहतो. सायकल थांबली तरी जळत राहतो. त्याला वीजही थोडी लागते. त्याच्या जोडीला मडगार्डवर लाल परावर्तक काच लावा. दुसऱ्याच्या दिव्यात ती चमकते. तिला सेल नको की तार नको. मात्र आठवड्यातून एकदा ती फडक्याने पुसली पाहिजे.

मोबाईलचा दिवा हातात धरून सायकल चालवू नका. एक हात अडकला की एक ब्रेक गेला. आणि पुढचा दिवा थोडा खाली झुकवून बांधा. समोरच्याचे डोळे दिपले, तर तो आपल्याच अंगावर येईल.

जर्मनी देशात सायकलला डायनामोच पाहिजे, असा अनेक वर्षे कायदा होता. माणूस सेल भरायला विसरेल, पण चाक फिरायला विसरणार नाही, असा त्याला आधार. २०१३ साली तिथे बॅटरीच्या दिव्यांनाही परवानगी मिळाली. यावरून आपण एवढे घ्यावे, की दोन्ही दिवे चांगले आहेत. वाईट तो एकच, जो वेळेला लागत नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर सायकल अंगणात उभी करा. पुढचा दिवा लावा, मागचा लावा. मग शंभर पावले दूर जाऊन मागे वळून पाहा. लाल ठिपका स्पष्ट दिसला तर ठीक. दिसला नाही, तर उद्या रात्री त्या सायकलवरून कोणालाही बाहेर पाठवू नका. आधी दिवा, मग वाट.