लोणारचे गुलाबी पाणी

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे हिरवे पाणी गुलाबी झाले आणि पाहणारे थक्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचा उलगडा केला. बाष्पीभवनाने पाणी आटले, क्षार वाढले आणि अतिखारट पाण्यात जगणारे ‘हॅलोआर्किया’ हे सूक्ष्मजीव फोफावले. तो त्यांच्याच रंगद्रव्याचा रंग होता. एरवी तेथे हिरवा रंग देणाऱ्या नील-हरित जिवाणूंचे प्राबल्य असते. सरोवर तेच, वस्ती मात्र पालटली. कोणी नांदावे, हे पाण्यातील क्षार ठरवितात. म्हणून लोणार जपायचे तर काठावरची मंदिरे जपून भागणार नाही. सरोवरात उतरणाऱ्या गोड्या पाण्याचा आणि सांडपाण्याचाही हिशेब ठेवावा लागेल. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या रहिवाशांचे घर तेच आहे.